लग्नपटकार साहेबांना एका इवायाचं पत्र

प्रति,
माननीय लग्नपटसम्राट, अश्रुहास्यमहर्षी, दिग्दर्शक महोदय,
मुक्काम मुंबई (शूटिंग नसेल तेव्हा), लंडन (असेल तेव्हा)

विषय : परदेशस्थ कुटुंबाचं लग्न आमच्या जंगलात लावून दिल्याबद्दल आभार.

महोदय,

साष्टांग नमस्कार. आपला नवा सिनेमा मोबाइलवर पाहिला. चामोर्शीला रेंज मधूनमधून जाते, त्यामुळे तो संपायला तीन दिवस लागले. तरी गोष्ट कुठे तुटली म्हणून नाही. जिथे बंद पडायची तिथून पुढचं सगळं आम्हाला आधीच ठाऊक असायचं. प्रेक्षकाच्या नेटवर्कची एवढी काळजी घेणारा दिग्दर्शक विरळाच.

न्यू जर्सीचं मराठी कुटुंब, मुलीचं गोऱ्या मुलावर प्रेम, बाप चिडलेला, आईचा जीव कातावलेला, आजीला सगळं पहिल्यापासून माहीत. आणि लग्न कुठे, तर ताडोबाजवळच्या रिसॉर्टात! मनापासून सांगतो, आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा ऊर भरून आला. नंतरचे सव्वादोन तास जिल्हा दिसला नाही, पण नाव दिसलं होतं हे आम्ही विसरणार नाही.

आपल्या वाघाचे विशेष आभार. हळदीच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला तो झुडपातून येतो, नवरीकडे पाहतो, कॅमेऱ्याकडे पाहतो आणि निघून जातो. इतका समजूतदार वाघ आम्ही जन्मात पाहिला नाही. आमच्याकडच्या वाघाला कडवं कळत नाही, मुहूर्तही कळत नाही. म्हणून आमचं वऱ्हाड शक्यतो दिवस मावळायच्या आत परत फिरतं, आणि नवरीच्या पाठवणीचं रडणं बहुधा दुपारीच उरकून घ्यावं लागतं. त्यात 2021 पासून छत्तीसगडातून रानटी हत्ती येऊन राहिलेत. त्यांना पत्रिका लागत नाही. पुढच्या भागात त्यांनाही एखादं कडवं द्यावं, ही विनंती.

आपल्या नायकाच्या मखमली शेरवानीचंही कौतुक करू तेवढं थोडं. लग्न मे महिन्यातलं दाखवलंय. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 47 च्या पुढे जातो तेव्हा आमच्याकडे नवरदेवाच्या टोपीत कांदा ठेवतात. आपला नायक मखमलीत दीड तास नाचला आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. अमेरिकेतल्या दुधात काहीतरी असलंच पाहिजे.

आता थोडं घरचं बोलतो. रागावू नये.

दोन हिवाळ्यांपूर्वी आपले एक सहायक लोकेशन शोधत आमच्या ओसरीवर येऊन गेले. फार गोड मुलगा. चहा घेतला, वही काढली आणि विचारलं, "काका, या भागात मायग्रंट फॅमिली मिळेल का एखादी? आपला सिनेमा त्यावरच आहे."

म्हटलं, एखादी कशाला, गावंच्या गावं आहेत. मुलचेरा तालुक्यात जा. सुंदरनगर, विवेकानंदपूर, कालीनगर. नावं ऐकूनच कळेल की ही नावं आमच्या बापजाद्यांनी ठेवलेली नाहीत. घराघरात भाषा वेगळी, जेवण वेगळं, लग्न तर पार वेगळं. पोरगा हरखून गेला. भराभरा लिहायला लागला. "कुठल्या देशातून आलेत?"

"पूर्व पाकिस्तानातून. आता त्याला बांगलादेश म्हणतात."

त्याचा पेन थांबला. टोपण लावत तो फार अदबीनं म्हणाला, "नाही काका, म्हणजे... विमानानं आलेली हवी होती."

चूक आमचीच. विमान नव्हतं, हे कबूल करतो. 1964 च्या दंगलींनंतर सीमेपलीकडून लोंढे आले. त्यांनी रायपूरजवळच्या माना छावणीत दिवस काढले, आणि त्यातल्या काहींना सरकारनं ट्रकात बसवून इथल्या जंगलात आणून वसवलं. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, तो 26 ऑगस्ट 1982 चा. भात आणि माशांवर वाढलेली, नदीकाठची माणसं सागाच्या रानात उतरली. जमीन मिळाली, पण ती आधी मोकळी करायची होती. आणि ज्या रानात त्यांना उतरवलं ते माडिया-गोंडांचं होतं. त्यांना कुणी विचारलं होतं असं मी तरी ऐकलेलं नाही. आपल्या सिनेमात हे बसणार नाही, समजू शकतो. त्यात नाच कुठे घालायचा?

नाही म्हणायला नाच आपण घातलाच. रिसॉर्टच्या हिरवळीवर डोक्याला पिसं खोचलेले वीस जण ड्रोनच्या खाली गोल फिरतात आणि न्यू जर्सीची पाहुणेमंडळी टाळ्या वाजवतात. आमच्याकडे त्या नाचाला रेला म्हणतात. तो पाहुण्यांसाठी नाचायचा नसतो, पाहुण्यांनी त्यात हातात हात घालून शिरायचं असतं. आपण त्याला पार्श्वभूमीला ठेवलंत, ते मात्र ठेवलंत छान.

आपल्या बापाच्या रागाबद्दलही धन्यवाद. सबंध सिनेमात अडचण एकच : बापाचा अहंकार. तो शेवटच्या वीस मिनिटांत, आजीच्या एका वाक्यानं, विमानतळावर विरघळतो. काय सुखाची अडचण! माझ्या पुतण्याची सोयरीक कालीनगरच्या बाजूच्या एका घरी जमली. साक्षगंधाच्या बैठकीत मुलीचा बाप सगळं बोलला, हसला, सुपारी फोडली. मग हळूच म्हणाला, "एकच सांगतो जी, आमच्याकडे जातीचा कागद नाही." मुलगी नमशूद्र. पश्चिम बंगालात ही अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत तिचं नाव नाही. तिच्या भावाला शिकताना त्याचा फटका बसला होता. बापाला वाटलं, हे लपवलं असं नंतर कुणी म्हणायला नको. आता हा कागद विमानतळावर मिठी मारून मिळतो का, हे आपण आपल्या पटकथाकाराला विचारून कळवावं.

आपल्या प्रेरणास्थानाबद्दलही दोन शब्द. पुतण्यानं मला 2002 चा 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' दाखवला. पोट धरून हसलो. निया वार्डालोस नावाच्या बाईनं आपल्याच घरच्यांवर आधी एकपात्री प्रयोग केला होता. रिटा विल्सननं तो पाहिला, आणि मग तिनं नि टॉम हँक्सनं मिळून त्याचा सिनेमा होऊ दिला. सुमारे 50 लाख डॉलरांत झालेल्या या सिनेमानं जगभरात 36 कोटींहून जास्त डॉलर मिळवले, आणि अमेरिकेत एकाही वीकेंडला तो पहिल्या नंबरावर नव्हता. त्यातला बाप प्रत्येक दुखण्यावर काच पुसायचा फवारा मारतो, आणि जगातला प्रत्येक शब्द ग्रीक भाषेतूनच आला असं छातीठोक सांगतो. जावई मांस खात नाही म्हटल्यावर मावशी त्याला कोकरू करून घालायला निघते.

आपण किती बारकाईनं अभ्यास केलात! फवाऱ्याच्या जागी वेदनाशामक मलम आलं, कोकराच्या जागी बोकड आला, बापाच्या जागी बाप आला. त्या बाईनं आपल्या नातलगांना पडद्यावर आणलं, आपण तिच्या नातलगांना आणलंत. एवढ्या लांबून लग्नाला आणलेले पाहुणे कुणाचे असतात, हे कोण विचारतंय?

त्या ग्रीक बापाची आठवण मला आमच्याच मांडवात झाली. माझी थोरली सून सिरोंचाची. तिकडे घरोघरी तेलुगू. तर पुतण्याच्या लग्नाला सुनेचा बाप आला होता, नवरीचा बाप होताच, आणि मी. तिघं एका बाजेवर पान खात बसलेलो. मी म्हटलं, या इवाई. आमच्या झाडीपट्टीत व्याह्याला इवाई म्हणतात. बंगाली म्हणाला, अरे, आम्ही बेयाई म्हणतो. सिरोंचावाला म्हणाला, आमच्यात वियंकुडु. मग अर्धा तास वाद : शब्द मुळात कुणाचा आणि नेला कुणी. तिघांपैकी कुणी माघार घेतली नाही. आपले सहायक तेव्हा ताडोबाजवळ मोहर्लीच्या रिसॉर्टात लाइटचा अँगल बघत होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं ती सांगतो. आपण चुकवलेला एक शॉट.

मुहूर्तावरून तंटा होईल अशी धास्ती होती. झाला नाही. आमचा गोरज मुहूर्त आणि त्यांचं गोधूली लग्न, दोन्हींची एकच वेळ निघाली. गाई घरी यायची. भटजी आमचे, पुरोहित त्यांचे, दोघांनी मान डोलावली. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. दोन मामा दोन टोकांना. नवरदेव पाटावर उभा, हातात हार.

तेवढ्यात उलूध्वनी सुरू झाली. बंगाली बायका जीभ हलवत तोंडानं जो लांब, कापरा आवाज काढतात, तो. आमच्या भटजींनी तो पहिल्यांदाच ऐकला. त्यांना वाटलं, मागे कुणाला साप चावला. पोथी मिटून ते उठायलाच लागले. नवरीच्या मावशीनं त्यांना खाली बसवलं.

आणि नवरी आली. त्यांच्यात नवरी चालत येत नाही. तिला लाकडी पिढ्यावर बसवतात आणि भाऊ तो पिढा खांद्याच्या उंचीवर उचलून आणतात. दोन्ही हातांत विड्याची पानं, त्यांनी तोंड झाकलेलं. नवरदेवाभोवती सात फेरे घालायचे. फेरे घालायचे तर अंतरपाटाच्या आतून जावं लागणार. म्हणून दर फेरीला मामा अंतरपाट रेल्वे फाटकासारखा वर उचलायचे, पिढा खालून पास व्हायचा, फाटक परत खाली. चौथ्या फेरीपर्यंत पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. चारही भाऊ घामानं निथळत होते. त्यातला एक बारका, त्याच्या बाजूनं पिढा कलायचा, आणि पानाआडून नवरी त्याला बंगालीत काहीतरी झणझणीत सुनवायची.

सात झाले. नवरी समोर आली. अंतरपाट धरला आणि मग लक्षात आलं : अंतरपाट नवरदेवाच्या नाकापर्यंत, नवरी त्याच्यावर हातभर. कापडाच्या आड कुणीच नाही. थोरले मामा हट्टी. ते म्हणाले, अंतरपाटाशिवाय लग्न लागलं असं मी होऊ देणार नाही. प्लास्टिकची खुर्ची मागवली, वर चढले. धाकट्या मामांना दुसरी खुर्ची. खुर्चीचे पाय शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतत चाललेले, मामा हळूहळू खाली येताहेत, मंगलाष्टकं चाललेली, अक्षतांबरोबर तिकडच्या लाह्या उडताहेत, शंख वाजतोय.

"सावधान" झालं. अंतरपाट ओढला. त्याच क्षणी वर नवरीनं पानं बाजूला केली. याला बंगालीत शुभदृष्टी म्हणतात. वधूवरांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहायचं. सिरोंचाकडेही नेमका असाच पडदा असतो, सुनेच्या लग्नात मी पाहिलाय. तीन भाषा, तीन रीती, आणि तिन्हींत लग्नाचा सगळा जीव या एका नजरेत. आमचा नवरदेव त्याच्या सवयीच्या उंचीवर बघत राहिला. समोर बारक्या मेव्हण्याचं घामेजलेलं, लालबुंद तोंड. माझ्या पुतण्याची शुभदृष्टी मेव्हण्याशी झाली. मेव्हण्यानं भुवईनं वर दाखवलं, तेव्हा कुठे त्यानं मान वर केली.

आपल्या सिनेमात या जागी पाच कॅमेरे, गुलाबपाकळ्या आणि स्लो मोशन आहे. ते जास्त सुंदर आहे, यात शंका नाही.

जेवणाचं थोडक्यात सांगतो. एक पंगत वरण-भात, मसाल्याचं वांगं आणि बुंदीची. दुसरी रोहूच्या झोलाची, मासे त्यांच्याच बोडीतले, म्हणजे छोट्या तळ्यातले. तिसऱ्या वेळेपासून पंगती वेगळ्या ठेवणं वाढप्यांना जमलं नाही. आमच्या एका माळकरी काकांनी नातवाला काटे काढून देण्याच्या निमित्तानं त्या पंगतीत बराच वेळ काढला.

आपल्या शिकवणीचेही उपकार मोठे आहेत. पूर्वी आमच्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल मानाचा आहेर घ्यायचा. कानपिळी म्हणत. 1994 ला 'हम आपके हैं कौन' आला आणि तेव्हापासून आमच्या पोरी जोडे लपवायला लागल्या. मग मेंदीची संध्याकाळ आली, संगीत आलं, पिवळ्या कपड्यांची सक्ती आली. आता हळदीला पांढरा शर्ट घालून गेलो तर फोटोवाला मला बाजूला व्हायला सांगतो. माझ्या घरची हळद, माझ्याच शेतातली, आणि मी फ्रेमच्या बाहेर! एवढी शिस्त आम्हाला कुणी लावली नव्हती.

आपला तो चंद्रपूरचा ड्रायव्हरही छान. दर वाक्यात "बे" म्हणतो आणि न्यू जर्सीची पोरं हसतात. फक्त एक अडाणी शंका. आमच्याकडे मोठ्या माणसाला, पाहुण्याला, बाईमाणसाला "बे" म्हटलं तर घरी गेल्यावर मार पडतो. आम्ही "जी" म्हणतो. हो जी, काय जी, या जी, बसा जी. एवढं गोड अक्षर आपल्या कानांवर पडलं नाही, याला कारण आम्हीच हळू बोलत असू.

न्यू जर्सीवाल्यांच्या वतीनंही आभार मानायला हवेत, त्यांना तेवढी सवड नसते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं. अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 चं. इतकी वर्षं तिथे माणसं राहताहेत, भांडताहेत, म्हातारी होताहेत. आपण त्यांना दोनच कामं ठेवलीत : पुरणपोळी पाहून रडायचं, नाहीतर इंग्रजीत नाक मुरडायचं. माझा एक विद्यार्थी तिकडे आहे. म्हणाला, सर, मला पुरणपोळी आवडत नाही, मी चालेल का?

खरं म्हणजे आमचीच पात्रता नाही. आमची अभिरुची वडसा-देसाईगंजच्या नाटकांवर पोसलेली. दिवाळी झाली की कंपन्यांची नाटकं गावोगाव लागतात, मंडईची जत्रा किंवा बैलांचा शंकरपट असला की रात्री नाटक हवंच, आणि पडदा पडतो तेव्हा बाहेर उजाडलेलं असतं. तिथे बापाचा अहंकार एका रात्रीत चारदा मोडतो, मध्ये नवरीचा भाऊ तुरुंगात जाऊन येतो, विनोदी नट प्रेक्षकांतल्या सरपंचाला नावानिशी हाक मारतो, आणि पोरं आईच्या मांडीवर झोपतात. या झाडीपट्टी रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली. आपल्याला हे भडक वाटेल. मात्र आमच्याकडे तिकीट काढलेला माणूस थंडीत पहाटेपर्यंत बसतो, आणि आपला सिनेमा मी गादीवर पडून पाहिला तरी तीन दिवस लागले. नेटवर्कला मी वर उगाच दोष दिला.

तेव्हा आता एक आर्जव. आपल्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय असं कानावर आलंय. ग्रीक लग्नाचेही 2016 आणि 2023 ला पुढचे भाग आले, म्हणजे आपल्याला वाट ठाऊक आहे. पण या खेपेला लंडनला जाण्याआधी एक दिवस आम्हाला द्यावा. पुतण्याच्या मेव्हणीचं जमलंय. मुलगा सिरोंचाचा, माझ्या सुनेच्या नात्यातला. पत्रिका मराठी, बंगाली आणि तेलुगू अशा तीन लिपींत छापायला दिली होती. छापखान्यानं तेलुगू मजकूर उलटा लावला, म्हणून परत पाठवलीय. आली की आपल्याला पहिली.

नागपूरला विमानानं उतरता येतं, ही आपल्या सोयीची गोष्ट. तिथून गडचिरोली, मग चामोर्शी, घोट, मुलचेरा. संध्याकाळच्या आत पोचावं. मखमल आणू नये.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवू नये ही विनंती.

आपला नम्र,
एक इवाई,
चामोर्शी, जिल्हा गडचिरोली

ता. क. : या लग्नात अंतरपाट, पानं आणि तेलुगू पडदा असं तिन्ही आहे. थोरल्या मामांनी खुर्चीचा नाद सोडून शिडी सांगून ठेवलीय.